जीबी नंतर मोजा, आधी रेंज कुणाची ते बघा

पत्र : पुढच्या महिन्यात मी, माझे मिस्टर आणि आमची पंधरा वर्षांची लेक असे तिघं आठ दिवस परदेशात सुट्टीला जातोय. पाच रात्री एका मोठ्या बेटावर, मग बोटीने जाऊन तीन रात्री शेजारच्या लहान बेटावर. सासूबाई घरी एकट्या असतील. त्या ७८ वर्षांच्या आहेत आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आमचे चेहरे दिसले नाहीत तर त्यांना झोप लागत नाही. नेटसाठी काय घ्यायचं यावरून घरात रोज वाद चाललाय. मिस्टर म्हणतात, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घेऊ. लेक म्हणते, अनलिमिटेडवालं इ-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायचं सिम) घे. ओळखीचे लोक सांगतात, विमानतळावर उतरलात की तिथलं सिम घ्या. बँकेचे ओटीपी माझ्या नंबरवर येतात, तो बंद पडला तर काय करायचं हीही धास्ती आहे. नक्की काय घेऊ?

ताई, तुमच्या पत्रात तीन मतं आहेत आणि तिन्हींत तथ्य आहे. पण एक प्रश्न तिघांपैकी कुणीच विचारलेला नाही. तुम्ही जिथे झोपणार आहात, त्या खोलीत कोणत्या कंपनीची रेंज येते? बेटावर जाणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच विचारावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण याची किंमत मी मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका छोट्या बेटावर होतो. फोनमध्ये डेटा भरपूर होता, पॅकची मुदत होती, आणि मुक्काम डोंगराच्या पाठीमागे. खोलीत रेंजची एक काडीही येत नसे. वडील तेव्हा दवाखान्यात होते. रोज संध्याकाळी मी धक्क्यापर्यंत चालत जायचो, कारण तिथे पोचलं की फोन लागायचा. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मुक्कामावर काम करणारी मुलं खोल्यांच्या पायऱ्यांवर बसून आरामात व्हिडिओ बघतायत. त्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं. माझ्या पॅकचा त्या कंपनीशी करार नव्हता, एवढाच फरक.

मुख्य भूमीवर आपल्याला याची सवय नसते. एका कंपनीची रेंज गेली तर दोनशे पावलांवर परत येते. बेटाचं तसं नाही. बंदर, विमानतळ, किनाऱ्याचा मुख्य रस्ता आणि मोठं गाव, टॉवर उभे राहतात ते माणसं राहतात तिथे. ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटांना मधोमध उंच डोंगर असतो आणि मोबाइलच्या लहरी डोंगराला वळसा घालून जात नाहीत. गावाच्या बाजूला फाइव्ह-जी धावत असतं आणि खिंड ओलांडून पलीकडच्या निवांत किनाऱ्यावर उतरलं की फोन मुका. सुट्टीची जागा नेमकी तो निवांत किनारा बघूनच निवडलेली असते. प्रवाळाची बेटं सपाट असतात, तिथे डोंगराची आडकाठी नाही, पण सगळ्या बेटाला मिळून एखादाच टॉवर असू शकतो.

म्हणून पॅक बघण्याआधी दोन्ही मुक्कामांना एकेक साधा निरोप पाठवा : तुमच्या खोल्यांमध्ये कोणत्या कंपनीचं नेट चांगलं चालतं? काम करणारी मंडळी कोणतं सिम वापरतात? या दोन वाक्यांचं उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं असतं. मग त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा कव्हरेजचा नकाशा उघडा आणि दोन्ही ठिकाणं त्यावर शोधा. हे नकाशे कंपन्या स्वतःच्या हिशोबाने रंगवतात, तेव्हा रंग दिसला म्हणजे बंद खोलीत रेंज मिळेलच असं धरू नका. रंग नसेल तर मात्र आशा सोडा. ओपनसिग्नल किंवा एनपर्फ यांच्या नकाशांवर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या फोनमधून आलेल्या नोंदी असतात, तेही बघून ठेवा.

लहान बेटाबद्दल तर हे नक्कीच विचारा. मोठ्या बेटावर बहुतेक सगळं चालतं. तुमच्या शेवटच्या तीन रात्रीच निर्णय ठरवणार आहेत.

आता मिस्टरांचा रोमिंग पॅक. त्याचं मोठं सुख म्हणजे काही बदलावं लागत नाही. नंबर तोच, ओटीपी तिथेच, उतरल्यावर फोन चालू केला की झालं. पण रोमिंगमध्ये तुमचा डेटा सहसा आधी तुमच्या मूळ देशातल्या कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर. म्हणजे बेटावर बसून बेटाचाच नकाशा उघडलात तरी मागणी समुद्र ओलांडून घरी जाते आणि परत येते. साधे निरोप पाठवताना हे जाणवतही नाही. व्हिडिओ कॉलवर बोलणं थोडं अडखळतं, आपण बोललेलं समोर उशिरा पोचतं. पॅक घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी वाचा. त्या देशातल्या कोणत्या कंपन्यांशी करार आहे. दिवस कसा मोजला जातो, चोवीस तासांचा की घड्याळातल्या मध्यरात्रीपर्यंतचा, आणि मध्यरात्र कुठली, घरची की बेटावरची. आणि पॅक संपल्यावर नेट बंद होतं की सुट्या दराने आकारणी सुरू होते. ही तिसरी ओळ बारीक अक्षरात असते आणि भलीमोठी बिलं तिच्यातूनच निघतात.

देशांची यादीही डोळे उघडे ठेवून वाचा, कारण बेटांच्या बाबतीत भूगोल आणि राज्यव्यवस्था यांचा मेळ बसेलच असं नाही. रियुनियन हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला आहे, पण ते फ्रान्सचा भाग. त्यामुळे युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून लागू झालेली, संघातल्या सिमना घरच्याच दराने रोमिंग देण्याची सोय तिथेही चालते. फ्रेंच पॉलिनेशियावरही फ्रान्सचाच झेंडा, पण ते युरोपीय संघात मोडत नाही आणि ती सोयही तिथे नाही. कॅरिबियन समुद्रातलं सेंट मार्टिन तर एकाच बेटावर दोन देशांत वाटलेलं आहे, उत्तरेकडे फ्रेंच, दक्षिणेकडे डच. तिथे किनाऱ्यावरून फिरता फिरता फोन मालकाला न विचारता पलीकडच्या बाजूचा टॉवर पकडू शकतो. ‘आशिया’ किंवा ‘कॅरिबियन’ असं मोठं नाव असलेला पॅक दिसला की त्या नावावर जाऊ नका, यादीत तुमच्या बेटाचं किंवा ते ज्या देशाचं आहे त्याचं नाव डोळ्यांनी बघा. तुम्ही पत्रात बेटाचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून हे जरा लांबवून सांगितलं.

लेकीचं इ-सिम. कल्पना चांगली आहे, आणि तिला तसं सांगा. घरी बसून घेता येतं, छोटं कार्ड काढायची-घालायची भानगड नाही, जुनं सिम जागेवर राहतं. फोन इ-सिम घेतो का हे बघायला डायलपॅडवर *#०६# दाबा. आयएमईआयसोबत, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत, ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक आकडा दिसला तर घेतो. फोन एखाद्या कंपनीला बांधलेला, म्हणजे लॉक केलेला, नसावा. इ-सिम घरच्या वायफायवरच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण ते उतरवायलाच नेट लागतं आणि विमानतळावर ते नसेल तर पंचाईत होते. मुदत घेतल्या क्षणापासून सुरू होते की बेटावरचा टॉवर पहिल्यांदा पकडल्यावर, हे आधी वाचा. आणि एकदा उतरवलेलं इ-सिम चुकूनही पुसू नका. बहुतेक कोड एकदाच वापरता येतात.

पण प्रवाशांना इ-सिम विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात. त्या तिथल्या कुठल्यातरी कंपनीचं नेट घेऊन विकतात, म्हणजे हेही एक प्रकारचं रोमिंगच. तेव्हा इ-सिमच्या पानावर नेटवर्कचं नाव शोधा आणि मुक्कामावरून आलेल्या उत्तराशी ताडून बघा. नाव जुळलं तर घ्या. नावच दिलेलं नसेल तर दुसरं बघा. अशा इ-सिमसोबत बरेचदा फोन नंबर मिळत नाही, फक्त डेटा मिळतो, हेही लक्षात असू द्या.

‘अनलिमिटेड’ या शब्दावर मात्र भाळू नका. दिवसाला ठरावीक डेटा वेगात मिळतो आणि तो संपला की वेग खाली येतो, कधी १२८ केबीपीएसपर्यंत. त्या वेगाने ३ एमबीचा एक फोटो जायला तीन मिनिटं लागतात आणि व्हिडिओ कॉल तर होतच नाही. सकाळी लेकीने समुद्रकिनाऱ्यावरून चार व्हिडिओ चढवले की संध्याकाळी आजीचा चेहरा गोठलेला. तुमच्या घरासाठी वेग न तुटणारे मोजके जीबी जास्त कामाचे आहेत.

विमानतळावरचं सिम म्हणजे तिसरा मार्ग. तिथल्या कंपनीचं खरंखुरं सिम असल्यामुळे डेटा घरापर्यंत जाऊन परत यायची गरज नसते, कॉल जास्त मोकळा होतो, आणि त्याच पैशात जीबीही बहुधा जास्त मिळतात. बहुतेक ठिकाणी पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. विमानतळावरचे पॅक गावातल्यापेक्षा महाग असू शकतात, पण आठ दिवसांच्या सुट्टीतला अर्धा दिवस दुकान शोधण्यात घालवायचा का, ते तुम्हीच ठरवा. मी तरी घालवणार नाही. सिम घेतल्यावर काउंटर सोडायच्या आधी नेट चालू करून बघा, एखादं पान उघडा, आणि मगच सामान उचला. जुनं सिम काढावं लागलं तर ते पासपोर्टच्या पाकिटात चिकटपट्टीने लावून टाका.

डेटा किती लागेल? अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल साधारण पाव जीबी खातो, कॉलचा दर्जा वाढला तर जास्त. आठ संध्याकाळचे मिळून दोन जीबी धरा. निरोप, मेल आणि नकाशे यांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. सिनेमा-मालिका मात्र साध्या दर्जात तासाला पाऊण जीबीच्या आसपास घेतात आणि एचडीमध्ये तीनपर्यंत जातात, त्या घरूनच उतरवून न्या. खरा खादाड फोनच्या आत बसलेला असतो. आयफोनवर फोर-के व्हिडिओचं एक मिनिट सुमारे १७० एमबी भरतं. अशी वीस मिनिटं दिवसभरात सहज निघतात, म्हणजे तीन जीबीहून जास्त. फोन ती मुकाट्याने क्लाउडवर चढवत असेल तर दोन दिवसांत पॅक संपतो आणि कळतही नाही कुठे गेला. फोटोंचं बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, ॲपचे अपडेट बंद करा, आयफोनवर लो डेटा मोड आणि अँड्रॉइडवर डेटा सेव्हर चालू करा. हे एवढं केलंत तर तिघांना मिळून दहा जीबी पुरतील असा माझा अंदाज आहे.

वायफाय तर असेलच, असं वाटत असेल. असेलही. पण लहान बेटावर ते उपग्रहावरून येत असू शकतं. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर जाऊन परत यायचं आणि उत्तरही त्याच वाटेने, यात अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. दोघं एकदमच बोलायला लागतात आणि दोघं एकदमच गप्प होतात. काहीशे किलोमीटरवर फिरणारे नवे उपग्रह खूपच बरे. शिवाय संध्याकाळी सगळे पाहुणे एकाच वेळी फोन घेऊन बसतात. तेव्हा वायफायच्या भरवशावर बॅकअप ठेवा, आजींचा कॉल ठेवू नका.

समुद्राखालची केबल हा विषय तुम्हाला दूरचा वाटेल, पण बेटाचं नेट बहुतेकदा तिच्यावर लटकलेलं असतं. चेन्नई ते अंदमान-निकोबार ही सुमारे २,३०० किलोमीटरची केबल १० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली, तोवर तिथलं नेट उपग्रहांच्या भरवशावर होतं. टोंगामध्ये १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि फिजीला जोडणारी केबल तुटली. मुख्य बेटाचं नेट पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले, बाहेरच्या बेटांना त्याहून कितीतरी जास्त. इतकं टोकाचं क्वचित घडतं. वादळी मोसमात टॉवरची वीज जाणं मात्र नेहमीचं आहे. विषुववृत्तापासून पाचेक अंशांच्या आत चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत, त्याबाहेरच्या बेटांवर मोसम बघूनच जावं : कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर, दक्षिण हिंदी महासागर आणि दक्षिण प्रशांतमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. फोनच्या सेटिंगमधल्या आणीबाणीच्या सूचना बंद केल्या असतील तर चालू करा. वादळाचे किंवा त्सुनामीचे इशारे टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम पाठवण्याची सोय अनेक देशांत आहे, त्याला डेटा लागत नाही.

या सगळ्यावरून तुमच्या घरासाठी मला असं सुचतं. तुमच्या फोनमधलं जुनं सिम हलवू नका. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, रिचार्जची मुदत परतीच्या नंतरची आहे ना ते बघा, आणि त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. बहुतेक कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, तरी तुमच्या कंपनीचा दर एकदा बघा. ओटीपी येत राहतील. त्याच फोनवर इ-सिम घ्या आणि डेटा त्यावरून चालवा. दोन सिम असले की फोन गरज पडल्यास आपणहून दुसऱ्या सिमच्या डेटावर उडी मारतो, तो पर्याय शोधून बंद करा. मिस्टरांसाठी विमानतळावर तिथलं सिम घ्या, पण इ-सिम ज्या नेटवर्कवर चालतं त्याहून वेगळ्या कंपनीचं. सगळं घर एकाच टॉवरच्या भरवशावर ठेवू नये. दोन कंपन्या हाताशी असल्या की खिंडीपलीकडेही एक तरी फोन जिवंत राहण्याची शक्यता वाढते. लेकीला हॉटस्पॉट द्या, मात्र पॅकमध्ये हॉटस्पॉटला परवानगी आहे हे आधी तपासा. तिला स्वतंत्र पॅक नको म्हटलं म्हणून ती थोडी रुसेल. तिच्याकडे नकाशांचं काम सोपवा : दोन्ही बेटांचे नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवायचे. जीपीएसला नेट लागत नाही, वाट ती दाखवेल.

नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप ‘नंबर बदलायचा का’ असं विचारू शकतं. नाही म्हणा. जुन्या नंबरवरचं व्हॉट्सॲप नव्या सिमच्या डेटावर व्यवस्थित चालतं आणि सासूबाईंना ओळखीचंच नाव दिसतं.

बोटीत बसताना फोन विमान मोडवर टाका. किनाऱ्याजवळच्या छोट्या फेरीत बहुधा जमिनीवरचेच टॉवर लागतात, पण मोठ्या जहाजांवर उपग्रहावरून चालणारं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. ते साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं आणि अतिशय महाग पडतं. विमानातल्या नेटवर्कचंही तेच.

राहिल्या सासूबाई, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे. निघण्याआधी आठवडाभर शेजारच्या खोलीत बसून त्यांना रोज व्हिडिओ कॉल करा, म्हणजे हिरवं बटण हाताच्या सवयीचं होईल. बेटावरच्या आणि घरच्या घड्याळातला फरक काढून त्यांच्या वेळेप्रमाणे कॉलची वेळ ठरवा, जमल्यास बेटावर सगळे नेट वापरतात ती वेळ टाळून. चित्र अडकलं तर आम्ही साधा कॉल करू, आवाज ऐकू आला की पुरे, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला एक एमबीही बहुधा लागत नाही, तो अशक्त रेंजवरही टिकतो. लहान बेटावरच्या तीन दिवसांत एखादी संध्याकाळ चुकू शकते, हेही त्यांना आत्ताच सांगा. आणि दोन्ही मुक्कामांचे फोन नंबर देशाच्या कोडसकट मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या पलंगाशेजारी लावा, शेजारच्या घरीही एक प्रत द्या.